तीन रविवार : दुसऱ्या कादंबरीच्या मध्यात सापडलेल्या चुकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हस्तलिखित प्रकाशकाकडे जाण्याआधी वाचायचं आणि त्यावर लेखकाशी सविस्तर बोलायचं, हे माझं काम. ज्या लेखिकेचं हे प्रकरण आहे तिच्याबरोबर मी चार वर्षं काम करते आहे. तिच्या संमतीनेच हे लिहिते आहे. ओळख पटेल असं जे काही होतं ते काढलं किंवा बदललं आहे.

ती ऐतिहासिक प्रेमकथा लिहिते. तिचा काळ इंग्लंडमधल्या रीजन्सीचा, म्हणजे १८११ ते १८२०. तिसरा जॉर्ज राजा आजारपणामुळे कारभार पाहू शकत नव्हता आणि युवराज राजप्रतिनिधी म्हणून राज्य चालवत होता, ती ही वर्षं. या कथांचा वाचक चोखंदळ असतो. शेवट सुखाचा हवा ही त्याची उघड अट असते. पण त्या शेवटापर्यंत जाताना बग्ग्या, पत्रं, पदव्या, वारसाहक्क, लग्नाचे कायदे यांत कुठे गफलत झाली तर ती त्याच्या नजरेतून सुटत नाही. यातले कित्येक जण वीस-वीस वर्षं याच काळातल्या कथा वाचत आलेले असतात.

पहिली कादंबरी लिहायला तिला पाच वर्षं लागली. नोकरी सांभाळून, पहाटे साडेपाच ते साडेसात. ती पाच वर्षं कुणी तिच्याकडे काही मागत नव्हतं, कुणी वाट पाहत नव्हतं. एखादा प्रसंग जमला नाही तर तो तीन महिने बाजूला ठेवता यायचा. मग एजंट मिळाला, एजंटने प्रकाशक मिळवून दिला आणि करार झाला तो दोन पुस्तकांचा. या प्रकारात ते नेहमीचंच आहे. वाचकांना एका घराण्याच्या मालिका आवडतात: पहिल्या पुस्तकात थोरल्या बहिणीचं लग्न, दुसऱ्यात धाकटीचं. दुसरं पुस्तक देण्याची मुदत होती पहिल्याचं हस्तलिखित दिल्यापासून अकरा महिने.

पैशांचंही सांगायला हवं, कारण पुढचे निर्णय त्याच्याशी बांधलेले आहेत. ॲडव्हान्स पाच हप्त्यांत होता: सही झाल्यावर एक, प्रत्येक हस्तलिखित स्वीकारल्यावर एकेक आणि प्रत्येक पुस्तक बाजारात आल्यावर एकेक. एजंटचे १५ टक्के त्यातूनच जात. ई-बुकवरची रॉयल्टी होती प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या निव्वळ रकमेच्या २५ टक्के. पण ॲडव्हान्स रॉयल्टीतून वसूल होईपर्यंत हातात वेगळं काहीच येत नाही. हिशोब सहा महिन्यांनी येतो, आणि दुकानांतून पुस्तकं परत येतील या धास्तीने प्रकाशक त्यातला काही भाग राखूनही ठेवतो. तेव्हा नोकरी सोडण्याचा प्रश्न नव्हता. मीही तिला तेच सांगितलं होतं.

नव्या लेखकाला कुणी आधी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे पहिलं पुस्तक दिल्यावरही संपत नाही. ते परत परत घरी येतं. आधी संपादकाचं आठ पानी पत्र. मग कॉपी एडिटरच्या शंका: नायिकेचे डोळे तिसऱ्या प्रकरणात करडे आणि एकोणिसाव्यात तपकिरी का आहेत? मग प्रुफं. मधे मलपृष्ठाचा मजकूर आणि मुखपृष्ठ. प्रत्येक वेळी 'दहा दिवसांत परत पाठवावे'. आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या पुस्तकाचं १८१६ साल सोडून पहिल्याच्या १८१५ मध्ये परत जायचं. मी तिला एक वही ठेवायला सांगितली होती, लेखनाला दिलेल्या वेळेची. प्रकाशनाच्या आधीच्या एका आठवड्यात तिने एकूण २२ तास काढले होते. त्यातले नव्या हस्तलिखितावर गेले होते सात.

अडचण

पहिलं पुस्तक यायला दहा दिवस होते. दुसऱ्याची मुदत नऊ आठवड्यांवर होती. ३४ पैकी २३ प्रकरणांचा पहिला खर्डा तयार होता. वेग कमी होता, पण काळजी करण्यासारखं काही नव्हतं.

प्रकाशकाच्या प्रसिद्धी विभागाने तिच्याकडून काही छोटे लेख मागितले होते. त्यातला एक विषय होता: प्रेमी जोडपी पळून स्कॉटलंडला, ग्रेटना ग्रीन या सीमेवरच्या गावालाच का जायची? पहिल्या कादंबरीत नायिकेची चुलत बहीण तशी पळून जाते, त्यावरून सुचलेला. तिने रात्री बसून लेख लिहायला घेतला. लिहायच्या आधी वर्ष पडताळावं म्हणून तिने १७५३ च्या विवाह कायद्याची कलमं काढून वाचली. ते वाचन तिच्या सवयीचा भाग होता, लेखापुरतं त्याची गरजही नव्हती. रात्री पावणेबाराला मला तिचा निरोप आला:

'माझ्या नायिकेचं लग्नच झालेलं नाही.'

तिच्या दुसऱ्या कादंबरीची नायिका, धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. वडील वारलेले, त्यांच्या मृत्युपत्राने काका पालक नेमलेले. १८१६ च्या उन्हाळ्यात ती नायकाशी लंडनमध्ये गुपचूप लग्न करते, बिशपच्या कचेरीतून परवाना काढून. काकांना कळतं तेव्हा ते संतापतात, पण लग्न झालेलं असतं. दोघांनी हे लग्न एका अडचणीतून वाट काढण्यासाठी केलेलं आहे, आणि पुढची अर्धी कादंबरी म्हणजे त्या सोयीच्या लग्नातून उमलत जाणारं प्रेम. सगळा डोलारा 'लग्न झालेलं आहे' या एका गोष्टीवर उभा.

१७५३ चा कायदा, जो मार्च १७५४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झाला, सांगतो की वयाची २१ वर्षं पूर्ण न झालेल्या व्यक्तीचं परवान्याने झालेलं लग्न वडिलांच्या किंवा पालकाच्या संमतीशिवाय असेल तर ते रद्दबातल आहे. नुसता दंड नाही, शिक्षा नाही. लग्न झालंच नाही असं समजायचं. म्हणूनच तर जोडपी स्कॉटलंडला पळायची. तिथे हा कायदा नव्हता आणि साक्षीदारांसमोर एकमेकांचा स्वीकार केला की पुरे होई. परवाना काढताना पालकाची संमती असल्याचं शपथेवर निवेदन करावं लागे हेही होतं. म्हणजे तिच्या सरळमार्गी नायकाने बाराव्या प्रकरणात खोटी शपथ घेतली होती आणि लेखिकेला त्याचा पत्ताच नव्हता.

चूक कुठून आली ते तिने दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं. ती टिपणं कार्डांवर ठेवते. चार वर्षांपूर्वीच्या एका कार्डावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'अल्पवयीन मुलीचं लग्न, पालकाची संमती नाही: बेकायदा, पण लग्न टिकतं. मालमत्तेवरचा हक्क जाऊ शकतो.' ही माहिती चुकीची नाही. ती १८२३ च्या कायद्यानंतरची आहे. तिची कादंबरी सात वर्षं आधी घडते. कार्डावर साल नव्हतं.

यात माझाही वाटा आहे. दीड वर्षापूर्वी या कथेचा आराखडा मी वाचला होता. लग्नाच्या प्रसंगाशेजारी समासात माझी सूचना आहे: 'काकांचा राग अजून दिसू दे.' लग्न कायदेशीर आहे का, हा प्रश्न मला सुचला नाही.

समोरचे पर्याय

पहिले दोन दिवस आम्ही फोनवर फक्त पर्याय मांडत होतो. काही झटकन बाद झाले, एकावर आमचा खरा वाद झाला.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नायिकेचं वय वाढवणं. एकवीस पूर्ण केलं की प्रश्नच मिटला. पण धाकटी बहीण पहिल्या पुस्तकात आलेली आहे. १८१५ च्या वसंतात, वॉटर्लूच्या लढाईआधी दोनेक महिने, तिचा अठरावा वाढदिवस साजरा होतो. पूर्ण एक प्रसंग आहे त्यावर. ते पुस्तक छापून गोदामात पोचलेलं होतं. छापलेल्या वयाला हात लावता येत नाही.

ग्रेटना ग्रीन? लंडनहून तीनशेहून अधिक मैल, तेव्हाच्या रस्त्यांनी काही दिवसांचा प्रवास. पळून जाण्याचा गाजावाजा होतो, आणि तिच्या कथेला गुपित हवं होतं. शिवाय पहिल्या पुस्तकात चुलत बहीण तिथेच गेलेली. एकाच घराण्यातल्या दोन मुली लागोपाठच्या दोन पुस्तकांत त्याच रस्त्याने गेल्या तर ती पुनरुक्ती दिसली असती.

तसंच ठेवायचं आणि शेवटी लेखिकेचं टिपण जोडायचं, असंही तिने एकदा थकून सुचवलं. या प्रकारात तशी प्रथा आहे. एखादा सार्वजनिक समारंभ कथेसाठी दोन आठवडे पुढे ढकलला तर लेखक शेवटी तसं कबूल करतो आणि वाचक ते मान्य करतो. पण टिपण लहानशा सवलतीसाठी असतं. ज्या खुंटीवर अर्धी कादंबरी टांगली आहे ती खुंटीच नव्हती, असं शेवटच्या पानावर सांगणं म्हणजे वाचकाचा विश्वास तोडणं. आणि हे वाचक ग्रेटना ग्रीन का, हे पाठ असलेले वाचक आहेत. मी स्पष्ट नको म्हणाले.

लग्नाऐवजी नुसता वाङ्निश्चय करायचा, हाही एक विचार होता. तो जाहिरातीच्या मजकुराने अडला. दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात पहिल्याच्या शेवटच्या पानांवर छापली होती आणि तिच्यात 'गुप्त विवाह' हे शब्द होते.

वाद झाला तो पुढच्या पर्यायावर, कारण तो माझा होता. मी म्हणाले, चूक दुरुस्त करू नकोस, तिचा उपयोग कर. लग्न रद्दबातलच असू दे. काकांच्या वकिलाला ते कळू दे. तीन महिने बायको म्हणून राहिल्यावर नायिकेला समजतं की ती कुणाचीच बायको नाही, ती पूर्ण मोकळी आहे. आणि आता तिने त्याला पुन्हा निवडायचं की नाही, हे ठरवायचं आहे. पहिल्यांदा गरजेपोटी लग्न केलं, दुसऱ्यांदा स्वतःच्या इच्छेने. मला यात फार ताकद दिसत होती. आजही दिसते.

तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी मांडल्या. एक, १८१६ मध्ये लग्नाशिवाय तीन महिने पुरुषाच्या घरी राहिलेल्या मुलीचं काय होतं ते प्रामाणिकपणे लिहायचं तर कादंबरी काळोखी होणार. धाकटीची गोष्ट तिला उजेडातली हवी होती आणि पहिल्या पुस्तकाने वाचकाला तेच कबूल केलं होतं. दोन, लिहून झालेली अकरा प्रकरणं टाकून द्यावी लागणार आणि न लिहिलेली अकरा नव्याने रचावी लागणार. नऊ आठवड्यांत, पहाटेच्या दोन तासांत. 'ही गोष्ट चांगली आहे,' ती म्हणाली, 'पण ती तुमची आहे. माझी नायिका ती नाही.' त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटचा पर्याय तिनेच कायद्याच्या मजकुरातून काढला. परवाना हा लग्नाचा एक मार्ग होता. दुसरा मार्ग सर्वसामान्य लोकांचा होता: चर्चमध्ये उद्घोषणा. वधूवरांची नावं त्यांच्या पॅरिशच्या, म्हणजे राहत्या भागाच्या, चर्चमध्ये तीन रविवार, सकाळच्या उपासनेत, बायबलच्या दुसऱ्या पाठानंतर मोठ्याने वाचायची. कुणाला हरकत असेल तर त्याने तिथेच उठून सांगायचं. आणि इथे कायदा वेगळा होता. अल्पवयीन मुलीच्या पालकाची संमती आधी लागत नव्हती. पालकाने उद्घोषणेच्या वेळी चर्चमध्ये उघडपणे हरकत घेतली तर उद्घोषणा बाद. नाही घेतली तर ती वैध आणि तिच्यावर आधारलेलं लग्नही वैध. मोठ्या शहराच्या गजबजलेल्या पॅरिशमध्ये एका रविवारी अनेक जोडप्यांची नावं वाचली जात, आणि घरच्यांना पत्ता न लागता अशी लग्नं होऊन जात.

निर्णय आणि कृती

कथेचा प्रश्न सुटत आला होता, पण त्याआधी एक वेगळाच निर्णय अडला होता: संपादकाला सांगायचं की नाही?

तिला सांगायचं नव्हतं. पहिलं पुस्तक बाजारात येत असताना 'दुसऱ्यात घोळ आहे' हे कळवणं तिला लाजिरवाणं वाटत होतं. मीही म्हणाले की तीनचार दिवस थांबू, उपाय हातात आला की सांगू. एजंटचं मत उलट होतं. त्याचं म्हणणं, उपाय असो वा नसो, आज सांगा. उशिरा कळलेल्या गोष्टीवर संपादक काही करू शकत नाही. आम्ही चौथ्या दिवशी कळवलं, उद्घोषणेचा मार्ग ठरल्यावर, आणि तीन आठवडे वाढवून मागितले. उत्तर त्याच दिवशी आलं. दोन आठवडे मिळतील. तिसरा मिळणार नाही, कारण कॉपी एडिटरच्या तारखा ठरलेल्या आहेत; त्या चुकल्या तर पुस्तक पुढच्या हंगामाच्या यादीत जाईल, म्हणजे सहा महिने पुढे. त्याबरोबर तिचा प्रकाशनाचा हप्ताही सहा महिने पुढे गेला असता. एजंट बरोबर होता. तीन दिवसांपूर्वी त्या तारखा पक्क्या नव्हत्या, असं संपादकाने पुढे कधीतरी बोलता बोलता सांगितलं.

हातात अकरा आठवडे आले. आता वेळ कुठून काढायचा? तिने वही उघडली. प्रकाशनाच्या महिन्यासाठी तिने चौदा गोष्टी कबूल केल्या होत्या: लेख, मुलाखती, वाचनगटांशी गप्पा. प्रत्येक होकार वेगवेगळ्या दिवशी दिलेला, प्रत्येक वेळी 'एवढं जमेल' असं वाटून. आम्ही त्यातल्या चार ठेवल्या. उरलेल्या दहांना तिने स्वतः पत्रं लिहिली, तीन-चार ओळींची, कारण न लपवता. दोघे नाराज झाले. बाकीच्यांनी पुढची तारीख दिली.

रोज सकाळी उठून पुस्तकाची क्रमवारी आणि वाचकांचे अभिप्राय पाहणं मात्र तिला थांबवता येईना. मी रागावले नाही. पाच वर्षांचं काम प्रथमच लोकांच्या हातात गेलेलं असताना ते पाहावंसं वाटणारच. शेवटी एवढंच ठरलं की साडेसातच्या आत फोन उघडायचा नाही. तोवर तिचे लेखनाचे दोन तास होऊन जात.

याच काळात पहिल्या पुस्तकातली एक चूक एका वाचकाने कळवली. नायक पत्र पाकिटात घालतो. त्या काळी टपालखर्च पत्र घेणाऱ्याकडून, अंतरानुसार आणि कागदांच्या संख्येनुसार घेतला जाई. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणजे दुप्पट खर्च. म्हणून पत्राचाच कागद दुमडून, बाहेर पत्ता लिहून त्यावर लाख लावत. १८४० मध्ये एक पेनीचं टपाल येईपर्यंत हे असंच चाललं. एका वाक्याची चूक. ई-बुकमध्ये दुरुस्त झाली. पण त्या दोन दिवसांत ती इतकी खचली की एक ओळ लिहिली नाही. मोठी चूक सापडली तेव्हा ती कामाला लागली होती, या लहान चुकीने मात्र तिचे पाय गळाले. मोठी चूक घरात होती, ही बाहेर गेलेली होती, एवढाच मला त्याचा अर्थ लागतो.

आता त्या प्रकरणांबद्दल. जुन्या खर्ड्यात लग्न एका प्रकरणात उरकलं होतं, संध्याकाळी, मेणबत्त्यांच्या उजेडात. तेही चुकीचंच होतं. लग्न सकाळी आठ ते दुपारी बारा यांच्या दरम्यानच लागे. त्यातून सुटका फक्त कँटरबरीच्या आर्चबिशपच्या विशेष परवान्याने. मेणबत्त्या गेल्या. त्या जागी तीन रविवार आले, तीन प्रकरणं.

पहिल्या रविवारी नायिका मागच्या बाकावर, झालर ओढलेल्या टोपीत. तरुण पाद्री वही उघडतो आणि एकसुरी आवाजात नावं वाचत जातो. एक मोलकरीण आणि एक सुतार. एक विधवा आणि एक खाटीक. मग तिचं स्वतःचं नाव, खरं आणि पूर्ण, कारण मुद्दाम खोटं नाव दिलं तर उद्घोषणाच बाद होते. आजवर ते नाव तिने फक्त दिवाणखान्यात आदबीने उच्चारलेलं ऐकलेलं असतं. इथे ते खाटकाच्या नावानंतर येतं आणि पुढच्या जोडप्याच्या नावाआधी संपतं. कुणी मान वळवत नाही. ती ज्या आत्याकडे राहते तिच्या घरचे लोक पॅरिशच्या चर्चला येत नाहीत, ते खासगी चॅपलला जातात. म्हणून तर हे जमतंय.

दुसरा रविवार मला सगळ्यात आवडतो. साल १८१६. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता आणि युरोपात १८१६ मध्ये उन्हाळा आलाच नाही. थंडी, पाऊस, बुडालेली पिकं. ती हा पाऊस आधीपासूनच कादंबरीभर वापरत होती. कायद्याच्या मजकुरात उद्घोषणा ऐकू येईल अशा आवाजात करावी असे शब्द आहेत. तिने ते दोन धागे जोडले. दुसऱ्या रविवारी पाद्री नाव वाचायला लागतो आणि छपरावर पाऊस कोसळायला लागतो. ओठ हलताना दिसतात, नाव ऐकू येत नाही. बाहेर पडल्यावर ती नायकाला विचारते, 'तुम्हाला ऐकू आलं का?' त्याला खोटं बोलवत नाही. ही उद्घोषणा धरायची की नाही? आणि त्या एका प्रश्नात पहिल्यांदा तिच्या लक्षात येतं की हे लग्न व्हावं असं तिला मनापासून वाटतंय. आधीच्या खर्ड्यात हे कळायला तिला अठरावं प्रकरण लागलं होतं.

तिसऱ्या रविवारी काका रस्त्यात आहेत. शनिवारी त्यांना कळलेलं आहे. पण हरकत घ्यायची ती उद्घोषणेच्या वेळी, चर्चमध्ये, उघड. दुपारी पोचून उपयोग नाही. पुढे काय होतं ते मी सांगत नाही, पण संपूर्ण प्रकरण घड्याळाच्या काट्यावर आहे.

परिणाम

हस्तलिखित वाढीव मुदतीच्या दोन दिवस आधी गेलं. स्वीकारलं गेलं, एका फेरीच्या दुरुस्त्यांनंतर. लग्नानंतरच्या प्रकरणांत अपेक्षेपेक्षा कमी बदल लागले, कारण लग्न आता खरोखरच झालेलं होतं. पुस्तक ठरलेल्या हंगामात आलं आणि वाचक ज्या प्रसंगाबद्दल तिला लिहितात तो पावसाचा रविवार आहे.

किंमतही मोजावी लागली. तीन नवीन प्रकरणांना जागा करण्यासाठी आत्याचं उपकथानक कापावं लागलं. प्रौढ वयात एका नौदल अधिकाऱ्याशी पुन्हा भेट झालेली ती आत्या माझ्या मते त्या खर्ड्यातली सगळ्यात जिवंत व्यक्तिरेखा होती. छापील पुस्तकात ती दारापाशी उभी राहून सूचना देणारी बाई उरली आहे. हे नुकसान मला खरंच टोचतं.

पहिल्या पुस्तकाच्या विक्रीवर रद्द केलेल्या दहा कार्यक्रमांचा काय परिणाम झाला, हे सांगता येत नाही. पहिल्या सहामाही हिशोबात ॲडव्हान्स वसूल झालेला नव्हता. नव्या लेखकाच्या बाबतीत त्यात वावगं काही नाही, पण आकडा पाहून ती दोन दिवस गप्प होती. नोकरी चालू आहे. पहाटेचे दोन तासही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, आराखड्याच्या वेळी. तिने आणि मी तेव्हा पात्रांबद्दल तासन्‌तास बोललो. ज्या गोष्टी खोट्या निघाल्या तर कथा कोसळेल अशा गोष्टी कोणत्या, हे एकदाही विचारलं नाही. प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीत अशा पाचसहाच असतात: लग्न वैध आहे का, इस्टेट कुणाला जाते, नायक त्या महिन्यात त्या शहरात असू शकतो का. टोपीची झालर चुकली तर एक वाक्य बदलतं. यांतलं काही चुकलं तर पुस्तक बदलतं. आता पहिलं प्रकरण लिहिण्याआधी आम्ही ही यादी करतो आणि तेवढ्याच गोष्टी मूळ कायद्याच्या किंवा त्या काळच्या कागदपत्रांच्या मजकुरापर्यंत जाऊन तपासतो. बाकीचं लिहिता लिहिता तपासलं तरी चालतं.

कार्डांवर ती आता दोन सालं लिहिते: ही गोष्ट कधीपासून खरी आणि कधीपर्यंत. जुनी चारशेच्या वर कार्डं तिने एका सुट्टीत बसून तपासली. सत्तावीस कार्डांना शेवटचं साल सापडलेलं नाही, ती वेगळ्या डब्यात आहेत.

पहिल्या पुस्तकाच्या प्रुफांवर आम्ही स्वल्पविराम बघत होतो. मालिकेतलं पहिलं पुस्तक छापायला जाताना त्यात कायमचं काय ठरून जातंय, हे बघायला हवं होतं. अठरावा वाढदिवस हा आकडा कथेला गरजेचा नव्हता. 'धाकटीचा वाढदिवस' एवढं पुरलं असतं आणि पुढचा सगळा रस्ता मोकळा राहिला असता. चूक तेव्हा माहीत नसतानाही हे करता येण्यासारखं होतं.

संपादकाला चौथ्या दिवशी सांगण्याऐवजी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. थांबण्याचा सल्ला माझा होता. तो चुकीचा होता.

आणि मुदत. अकरा महिने करारात लिहिले गेले तेव्हा तिने ते कॅलेंडरवर मांडून पाहिले नव्हते. मांडले असते तर दिसलं असतं की पहिल्या पुस्तकाचं संपादकीय पत्र, कॉपी एडिटिंग, प्रुफं आणि प्रकाशन हे सगळं त्याच अकरा महिन्यांत पडतंय, आणि प्रकाशनाचा महिना नेमका दुसऱ्याच्या शेवटच्या टप्प्यावर. पहिल्या करारात नवा लेखक फारसं काही मागत नाही. पण दोन महिने जास्त मागणं ही मोठी मागणी नाही, आणि एजंट ते करू शकला असता.

तिसऱ्या पुस्तकाबद्दल प्रकाशकाने विचारणा केली आहे. तिने आराखड्याबरोबर चौदा महिने मागितले आहेत. बारा देऊ असं उत्तर आलं आहे. यावेळी तिने होकार देण्याआधी कॅलेंडर भिंतीवर लावलं आणि दुसऱ्या पुस्तकाचं उरलेलं काम कोणत्या आठवड्यांत येईल ते लाल पेन्सिलीने भरलं. नव्या कथेची नायिका पंचेचाळीस वर्षांची आहे, आणि नौदलातला एक अधिकारी पहिल्याच प्रकरणात तिच्या दारात उभा आहे.